कापलेला कोपरा

एक कार्ड करायला फुलवंताला अडीच दिवस लागायचे. घेणारा ते अर्ध्या मिनिटात बघून खाली ठेवायचा. दोन्ही मी शेजारी बसून पाहिलं आहे.

मी शालीकराम. गोंदियाच्या एका छापखान्यात चौतीस वर्षं कटिंग मशीनवर होतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, वह्या, जे छापून येईल ते सरळ कापायचं, एवढंच माझं काम. रिटायर झाल्यावर बायकोला, देवकाला, घेऊन नवेगाव बांध या माझ्या गावी, जुन्या घरी परत आलो. फुलवंता मडावीचं घर आमच्या कुडाच्या कुंपणाला लागून. तिचा नवरा उदाराम जंगलखात्यात रोजीवर होता. तो वारल्यावर घरात ती आणि मुलगी मोनाली, दोघीच राहिल्या. मोनाली नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, मग एकटी फुलवंता. रोवणी, कापणी, तेंदूपत्ता, जे काम निघेल त्याला ती जायची. उरलेल्या वेळात तणसीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, कार्डं करायची.

कधी तरी बचत गटात शहरातून एक बाई कार्ड बनवायला शिकवायला आली होती. रंगीत कागद, चमकी, प्लास्टिकची फुलं. बाकीच्या बायांनी महिनाभर केलं आणि सोडलं. फुलवंताने चमकीची पुडी पहिल्याच दिवशी परत केली. रंगीत कागद मला आवडत नाही, पण तणस मला येते, असं ती म्हणाली म्हणे. बाया हसल्या. तणस बैल खातात.

पण तणस कुठलीही चालत नाही. हार्वेस्टरने कापलेल्या धानाची तणस चिरडलेली असते. मळणीच्या मशीनमधून निघालेली त्याहून वाईट. नवे वाण बुटके, त्यांचं कांडं बोटभरही निघत नाही. तिला जुन्या वाणाची लुचई लागायची. उंच वाढणारी, विळ्याने कापलेली, न झोडलेली. आता लुचई लावतं कोण? मीच माझ्या एका बांधीत तिच्यासाठी थोडी लावायचो. भारा घरी नेऊन ती लोंब्या हाताने वेगळ्या करायची आणि लोंबीच्या खालचं पहिलं कांडं तेवढं ठेवायची. बाकी बैलाला.

कांडं रात्रभर भिजवायचं. नखाने उभं चिरायचं. आतला गर खरवडायचा. निखाऱ्याच्या इस्त्रीने दाबून फीत करायची. फिती पातळ कागदावर एकीला एक लावून चिकटवायच्या, आणि मग ब्लेडने आकार कापायचा. रंग कुठलाच नाही. तव्यावर तापवून पिवळा, मधासारखा, तपकिरी, काळा, एवढेच. श्वासभर जास्त राहिलं की जळालं. जळालं की सकाळपासूनची मेहनत चुलीत.

ती ब्लेड डाव्या हातात धरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई बोट कापून घेईल. कधी कापलं नाही.

सारस ती जास्त करायची. आमच्याकडच्या धानात तो दिसतो, लोक ओळखतात. सारसाची मान लांब, मध्ये हात उचलला तर खाच पडते. म्हणून ती मान एका दमात कापायची. जमली की कुडावरून हाक मारायची, "शालीकभाऊ, जमली." मग मी बघायला जायचो. ती कार्ड तळहातावर घेऊन उन्हात थोडं तिरपं करायची. तणसीला एका अंगाने चकाकी असते. कार्ड हललं की सारसाने मान वळवल्यासारखी दिसायची. त्या वेळी ती नुसती हसायची. पन्नाशीची बाई, दहा वर्षांची पोर दिसायची.

पुठ्ठा मी पुरवायचो. छापखान्यात माझी ओळख होती, कटिंगचे तुकडे मिळायचे. ते घरी स्टीलच्या पट्टीवर सरळ कापून द्यायचो. माझं काम दहा मिनिटांचं. ते बरोबरीचं होतं असं मी कधी समजलो नाही.

रविवारी ती तलावाच्या बांधावर फिरायला येणाऱ्या लोकांसमोर चादर टाकून बसायची. एका बाईने कार्ड उघडलं, झाकलं, परत उघडलं आणि विचारलं, "इसमें म्युझिक नहीं बजता?" फुलवंता म्हणाली, "नहीं बजता, बाई. सारस है, कोंबडा नहीं." एक जण म्हणाला, शुभेच्छा तर मोबाईलवर फुकट जातात. संध्याकाळी घरी येऊन ती मला म्हणाली, "फुकट जाते, तं फुकटच पोचते."

पाऊस लागला की कार्डं फुगायची. कसर लागायची. कसर म्हणजे ती चांदीसारखी बारीक कीड, कागदात राहणारी. ती चिकटवायला तांदळाची खळ करायची आणि किडीला खळ आवडते. आमच्याकडे बाइंडिंगवाले खळीत मोरचूद, ते किडीला मारणारं निळं विष, घालतात. मी तिला मोरचूद आणून दिलं, किती घालायचं ते दाखवलं. त्यानंतर तिच्या कार्डाला कीड लागली नाही. एकदा सोडून.

तणस चिरायला तिला शिकवलं तिच्या मोठ्या भावाने. झाडू त्याचं नाव. माहेर पळसटोल्याला, देवरीच्या पुढे चिचगडच्या बाजूला रानात. लहानपणी दोघं धानाची राखण करायला माचीवर, शेतातल्या उंच मचाणावर, बसायची. भाऊ नखाने तणस चिरून पाखरं करायचा. ती त्याच्या पुढ्यात बसून शिकली. "तो उजवा, मी डावी. समोरासमोर बसली तं आरशात पाहिल्यासारखं झालं. मले सोपं गेलं," असं ती सांगायची. हे तिने मला किती वेळा सांगितलं त्याची मोजदाद नाही.

त्याच भावाशी तिचं बिनसलं.

त्यांच्या समाजात बहिणीची मुलगी भावाच्या घरी देतात. दूध परत गेलं, असं म्हणतात. मोनाली पाळण्यात असतानाच फुलवंताने भावाला शब्द दिला होता, की ही नीलेशची. नीलेश त्याचा मुलगा. मोनाली शिकली, नागपूरच्या दवाखान्यात लागली आणि सरळ नाही म्हणाली. तिने तिथला एक मुलगा पसंत केला. फुलवंताने मुलीला दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी मुलीच्या बाजूने झाली. पळसटोल्याला जाऊन तिने भावासमोर शब्द परत मागितला. ती निघाली तेव्हा तिला पोचवायला तो वेशीपर्यंत आला नाही. तिच्यासाठी ते बोलण्याहून जास्त होतं.

चार वर्षं अशी गेली. मग मोनालीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. मामाने हात धरल्याशिवाय नवरी मांडवात पाय ठेवत नाही, असं ते मानतात. छापलेली पत्रिका एका जाणत्या माणसाच्या हाती पळसटोल्याला गेली. तशीच परत आली, पाकीटही उघडलेलं नव्हतं. नीलेशकडे फोन होता, तो आवाज ऐकला की बंद करायचा.

देवका तिला म्हणाली, दूरचा एखादा मामा उभा करा, लग्न काही अडत नाही. फुलवंता म्हणाली, "लगन नाही अडत, वहिनी. पोरगी जाईन तिच्या घरी. पण माहं माहेर बंद होते ना."

दुसऱ्या दिवशी ती कार्डाला बसली.

त्या कार्डाला नऊ दिवस लागले. भाऊ वाचत नव्हता, तेव्हा शब्द नकोत. वर माची, माचीवर दोन पोरं समोरासमोर बसलेली, खाली धान, धानात सारसाची जोडी. माचीचे पाय तिने इतके बारीक कापले होते, की मी चष्मा लावून मोजले. एक पोर डाव्या हातात काडी धरून होतं. आत मोनालीने तारीख आणि गाव तेवढं लिहिलं.

मी विचारलं, खळीत मोरचूद घातलं का? ती म्हणाली, "भावाच्या हाती जाणार. तो कपाळाले लावन. त्यात जहर कायले टाकू?"

मी म्हटलं, एवढंसं तर असतं. तिने ऐकलं नाही. साध्या खळीने चिकटवलं आणि पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवलं. पळसटोल्याच्या बाजूने बाजार करणारा इंद्रकुमार बांगडीवाला आठ दिवसांनी यायचा होता, त्याच्या हाती पाठवायचं. पोस्टाने पाठवलं असतं तर ठप्प्याखाली तणस चिरडली असती.

इंद्रकुमार उद्या निघणार, आणि संध्याकाळी तिने पेटी उघडली. उजवीकडचा वरचा कोपरा कसरीने खाल्ला होता. अंगठ्याएवढा. चित्राला लागलं नव्हतं, त्या कोपऱ्यात नुसतं आभाळ होतं. कार्ड घेऊन ती आमच्याकडे आली. रडली नाही. माझ्यासमोर ठेवलं आणि उभी राहिली.

मी पाहिलं. पुठ्ठा दोन पदर उकलला होता. बुजवायला वेळ नव्हता. मी पट्टी ठेवली आणि म्हटलं, हा कोपरा तिरपा कापून टाकू. छापखान्यात अशी कार्डं मी हजारांनी कापली होती. फॅशन आहे, म्हटलं.

ती म्हणाली, "भाऊ, कोपरा कापलेला कागद चांगला नाही म्हणतात."

हे मलाही माहीत होतं. माणूस मेलं की पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. दुरूनच कळावं म्हणून. असा कागद घरात न्यायचा नाही, अंगणात उभं राहून वाचायचा, वाचून तिथेच फाडायचा. माझा बाप वारला तेव्हा मीच तशी बावीस कार्डं लिहिली होती आणि बावीस कोपरे फाडले होते.

मी म्हटलं, "ते पोस्टकार्डाचं. आता पोस्टकार्ड कोण पाठवते?"

"मंग चारही कापा. सारखं तरी दिसन."

"चारही कापले तं खालून सारसाचे पाय जातील. अन् त्या बाजूनं माची."

ती त्या पायांकडे बघत राहिली. नऊ दिवसांतले दोन दिवस त्या पायांचे होते. मग तिने मान हलवली. मी कापलं. सरळ, एका फटक्यात. काप चांगला झाला होता, हेही मी त्या वेळी मनात म्हटलं.

उरलेल्या तीन कोपऱ्यांना तिने हळदीचं बोट लावलं. शुभ आहे हे कळावं म्हणून.

इंद्रकुमारने कार्ड पळसटोल्याच्या अलीकडच्या बाजारात एकाला दिलं, त्याने दुसऱ्याला. कुणी उघडलं नाही. झाडूच्या अंगणात ते पोचलं तेव्हा आणणाऱ्याने लांबूनच धरून दाखवलं. झाडूला कोपरा दिसला. हळद दिसली. मढ्यालाही हळद लावतात. त्याने ते उघडलंच नाही. हे सगळं मला फार नंतर कळलं.

इंद्रकुमार निघाला त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी फुलवंताच्या अंगणात लग्नाची हळद कांडणं चाललं होतं. पाचसहा बाया, दोन उखळं. मी कुडाजवळ मांडवाचे बांबू सोलत होतो. नीलेशची मोटारसायकल फाटकाबाहेर थांबली. मागून झाडू उतरला. डोक्याला पांढरा शेला, हातात कापडाचं बोचकं. तो आत आला नाही. फाटकाबाहेर उकिडवा बसला, मान गुडघ्यात घातली आणि गळा काढून रडू लागला.

बायांनी मुसळं थांबवली. कुणाला काही समजेना. फुलवंता मनगटापर्यंत पिवळ्या हातांनी पळत गेली. "दादा," म्हणाली.

त्याने मान वर केली. पाहत राहिला. मग तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घट्ट. त्याचे हात पिवळे झाले. इतक्या वर्षांनी त्याने तिला हात लावला होता. मला वाटलं, झालं, जमलं. फुलवंतालाही तेच वाटलं असणार, तिचा चेहरा कार्ड उन्हात धरल्यासारखा झाला होता.

नीलेश गाडीवरून उतरला नव्हता. मांडवाकडे, उखळाकडे बघून तो म्हणाला, "उठा, बाबा. कागद मेल्याचा अन् न्योता लगनाचा. आत्याबाई शहाणी आहे."

झाडूने मनगट सोडलं. तो उभा राहिला. काल सकाळपासून त्याच्या घरी चूल पेटली नव्हती. गाव त्याच्या अंगणात येऊन बसून गेलं होतं. हे तो बोलला नाही, नीलेशने फाटकातूनच सगळ्यांना ऐकवलं. झाडू एवढंच म्हणाला, "मले बोलवाले मरा लागलं तुले?"

फुलवंताने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा जरी पाहिलं असतं, तरी मला बोलावं लागलं असतं. मी दहा पावलांवर होतो. कोपरा मी कापला, एवढेच तीन शब्द. माझ्या हातात बांबू होता, तो मी सोलत राहिलो.

झाडूने बोचकं सोडलं. आत नवं लुगडं, पांढरं, बारीक लाल काठाचं. माहेरचं शेवटचं. मेलेल्या बहिणीसाठी काढलेलं कापड परत घरी नेत नाहीत. फाटकाशी टाकलेल्या बाजेवर ते ठेवून तो गाडीवर बसला. गाडी गेली.

बायांचं म्हणणं, लुगडं तलावात सोड, लग्नाच्या घरात ठेवू नको. फुलवंताने ते घडी करून पेटीत ठेवलं. लग्न झालं. दूरच्या मामाने मोनालीचा हात धरला. फुलवंता सगळं वेळेवर करत होती, वाढत होती, हसत होती. दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होती. संध्याकाळपर्यंत बघत होती.

लग्नानंतर मी तिला म्हटलं, मी पळसटोल्याला जातो, सांगतो. ती म्हणाली, "नोको, भाऊ. तुमाले मीच शिकवून पाठवलं म्हणन." मी म्हटलं, मग दुसरं कार्ड कर, चार कोपऱ्यांचं. ती म्हणाली, "आता माह्या हातचा कागद पाहून त्याले कोणतं चांगलं आठवन?"

मी पुन्हा म्हटलं नाही. जायला मला कुणी धरलं नव्हतं. कोहमाऱ्याला जाऊन देवरीची गाडी, पुढे मिळेल ते वाहन, मग सात किलोमीटर पायी. मी एवढी वर्षं रोज दहा तास उभा राहून काम केलेला माणूस. सात किलोमीटर मला जड नव्हते.

कार्डं ती करत राहिली. पण एक सवय लागली. कार्ड देण्याआधी ती चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायची. डावीकडून सुरू करून, एक, दोन, तीन, चार. घेणाऱ्याला वाटायचं, बाई धूळ पुसते. माची तिने पुन्हा काढली नाही. सारस एकेकटे काढू लागली. मी विचारलं, जोडी का नाही? म्हणाली, वेळ लागतो. हे खरं नव्हतं. वेळाला ती कधीच घाबरली नव्हती.

वीस महिने असे गेले. पौषात तिला ताप आला. चार दिवस तिने अंगावर काढला, पाचव्या दिवशी मी आणि देवकाने दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं होतं. मोनाली नागपूरहून आली. सातव्या दिवशी पहाटे फुलवंता गेली. शेवटचं काही बोलली वगैरे नाही. डावा हात चादरीची कड चाचपत होता, एवढं मोनाली म्हणाली.

मोनालीने नीलेशला फोन लावला. त्याने ऐकलं आणि तो म्हणाला, हे रडणं आमचं एकदा झालं आहे. फोन बंद.

सकाळीच मी शेजारच्या भुपेंद्रला त्याची मोटारसायकल काढायला लावली. वीस महिने जे अंतर मला फार होतं, ते दोन तासांत संपलं.

झाडू अंगणात बांबूच्या पट्ट्या काढत बसला होता. नीलेश घरी नव्हता. मला त्याने ओळखलं. हातातलं काम थांबवलं नाही. मी सांगितलं, फुलवंता गेली. आज पहाटे.

त्याने विचारलं, "कागद कोठी आहे?"

"कागद नाही. मीच आलो."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

मग मी म्हणालो, "तवाच्या त्या कागदाचा कोपरा मी कापला होता. कसर लागली होती. ती नोको म्हणत होती. मीच कापला."

तो उठून आत गेला. मला वाटलं, आता दार लावून घेईल. वळचणीतून प्लास्टिकची पिशवी काढून तो बाहेर आला. पिशवीतून कार्ड काढलं. माझी समजूत होती, की ते त्याने त्याच दिवशी वाटेत फेकलं असेल.

"मले मालूम आहे, तिनं कापला नाही म्हणून," तो म्हणाला. "फुलो डावी. तिचं पातं इकडून जाते. हा काप तिकडून गेला होता. त्या दिवशी घरी येऊन पाहिला, तवाच समजलं."

"मंग आले काऊन नाही?"

"बोलून आल्तो ना तिले. सगळ्या बायांसमोर." त्याने रिकाम्या पिशवीची घडी केली. "दुसरा पाठवन म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

त्याने कार्ड माझ्या हातात दिलं. कोपरा होता. चारही होते. जिथे मी कापलं होतं तिथे त्याने तणसीच्या फिती लावून तेवढाच त्रिकोण भरला होता. खाली पातळ पुठ्ठा, वर तणस, आभाळाच्या रंगाशी रंग जुळेल अशी तापवलेली. मी चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. जोडावर नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. उन्हात तिरपं धरलं तेव्हा जुन्या आणि नव्या तणसीची चकाकी एकाच बाजूला गेली. हे काम एका दिवसाचं नव्हतं. चुकून, पुन्हा करून, पुन्हा चुकून जमलेलं काम होतं.

हे फुलवंताने पाहायला हवं होतं. तिलाच त्याची किंमत कळली असती.

मी कार्ड परत दिलं. त्याने ते सदऱ्याच्या आत ठेवलं आणि चपला घातल्या. घरातून काही घेतलं नाही. दाराशी घुटमळला, रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी म्हटलं, लुगडं तिने ठेवलं आहे. भुपेंद्रच्या मागे आम्ही दोघं बसलो, मध्ये तो.

आम्ही पोचलो तेव्हा बायांनी तिला आंघोळ घालून हळद लावली होती. मोनालीने पेटीतून लुगडं काढून ठेवलं होतं, मामाची वाट पाहत. घड्या पिवळट पडल्या होत्या. कसर लागलेली नव्हती. आत फडक्यात बांधलेला मोरचुदाचा खडा सापडला.

झाडू आधी तिच्या डाव्या हाताजवळ बसला. अंगठ्याचं नख लांब होतं, तणस चिरायचं. त्यावरून त्याने बोट फिरवलं. कार्ड त्याने बाहेर काढलं नाही. मोनालीला दाखवलं नाही, तिच्यासोबत मातीतही दिलं नाही. ते सदऱ्यातच राहिलं.

मग लुगडं उलगडलं. पांघरताना एका बाजूला ते चुणलं. बाया म्हणाल्या, राहू द्या, झालं. झाडू म्हणाला, नाही. त्याने पायाकडचे दोन्ही कोपरे ओढून सरळ केले. डोक्याकडचा एक केला. मग त्याने मान वळवली. मी कुडाजवळ उभा होतो, त्या दिवशी जिथे होतो तिथेच.

"या," तो म्हणाला. "हा कोपरा तुमी धरा."

मी धरला.